मागच्या चाकांमधला दांडा

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मागचा जाड स्टॅबिलायझर बार विकताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: वळणावर गाडी कमी झुकेल आणि रस्त्यावरची पकड वाढेल. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी जशी सांगितली जाते तशी खरी नाही. मागे जाड दांडा बसवला की मागच्या टायरांची थोडी पकड चक्क कमी होते. तरीही चालवणाऱ्याला गाडी सुधारल्यासारखी वाटते, आणि ते वाटणंही खोटं नसतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, हे कळल्याशिवाय हातात पाना घेऊ नये, असं माझं मत आहे. दांडा बसवणं हे रविवारच्या सकाळचं काम आहे. तो कुठे आणि किती जाड बसवायचा, हे ठरवणं त्याहून अवघड आहे.

दिसायला हा भाग अगदी साधा. स्प्रिंगच्या पोलादाचा, यू आकारात वाकवलेला दांडा. त्याचा मधला लांब भाग गाडीच्या रुंदीत आडवा असतो आणि दोन ठिकाणी रबरी बुशमध्ये धरलेला असतो. वळवलेली दोन टोकं लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. आपल्या गॅरेजांत त्याला स्टॅबिलायझर किंवा अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकेत स्वे बार. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली अशा दांड्याचं पेटंट मिळालं. शंभर वर्षांत त्याच्या मूळ कल्पनेत फरक पडलेला नाही.

गाडी गतिरोधकावरून सरळ गेली आणि दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, तर दांडा बुशमध्ये नुसता फिरतो. त्याचा त्या धक्क्याशी संबंधच येत नाही. वळणावर मात्र बाहेरचं चाक वर दबतं, आतलं खाली लोंबतं, दांड्याची दोन टोकं विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि ओलं धोतर पिळावं तसा मधला भाग पिळला जातो. पोलाद पूर्वपदावर यायला बघतं. ते बाहेरच्या चाकाला रस्त्यावर आणखी दाबतं आणि आतल्या चाकाला रस्त्यावरून वर ओढतं. गाडी कमी कलते ती यामुळे. आतल्या चाकाला वर ओढणं ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे.

हिशेबासाठी एक गाडी घेऊ. वजन १२०० किलो, दोन चाकांमधलं आडवं अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच, म्हणून वजनाचा ६० टक्के भाग पुढे. उभ्या गाडीत पुढच्या प्रत्येक टायरवर ३६० किलो आणि मागच्या प्रत्येकावर २४० किलो भार येतो. आता ही गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळणात शिरली, तर आतल्या बाजूचा सुमारे २०० किलो भार बाहेरच्या बाजूला सरकतो. हा आकडा वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर या चार गोष्टींनी ठरतो. त्यात दांडा कुठेही येत नाही. कितीही जाड दांडा लावा, २०० किलो सरकायचे ते सरकणारच.

दांडा बदलतो ती वाटणी. समजा मूळ गाडीत त्या २०० पैकी ११० किलो पुढच्या चाकांमध्ये सरकत होते आणि ९० मागच्या. पुढच्या बाहेरच्या टायरवर ४७० किलो, आतल्यावर २५०. मागे जाड दांडा लावल्यावर वाटणी उलटली, पुढे ९० आणि मागे ११०, तर पुढे ४५० आणि २७० होतात, मागे ३५० आणि १३०. पुढची जोडी एकमेकांच्या जवळ आली, मागची दुरावली.

यात एवढं काय मोठं, असं वाटेल. खुबी टायरमध्ये आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. त्यामुळे एका टायरवरून १०० किलो काढून शेजारच्यावर टाकले, तर देणाऱ्याने गमावलेली पकड घेणाऱ्याने कमावलेल्या पकडीपेक्षा जास्त असते. जोडीतला भार जितका विषम, तितकी त्या जोडीची एकत्र पकड कमी. म्हणून मागचा जाड दांडा मागच्या जोडीला थोडं दुबळं करतो आणि पुढच्या जोडीवरचा ताण हलका करतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत नेमकी पुढचीच जोडी आधी हार मानते. स्टिअरिंग वळवलं तरी नाक बाहेरच्या दिशेला सरकत जातं. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. ज्या टोकाला आधी घसरायचं आहे त्याला मदत मिळाली, तर गाडी वळणात जास्त वेगाने टिकते. चालवणाऱ्याला जाणवणारी सुधारणा ती हीच.

तिला थोडी भरही मिळते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत बॉडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं आणि टायर कडेवर चालू लागतो. बॉडी हा एकच ताठ पेटारा असल्याने मागच्या दांड्याने मागचं कलणं रोखलं की पुढचंही कमी होतं, आणि पुढचा टायर थोडा सपाट बसतो. शिवाय पुढच्या आतल्या चाकावर जास्त भार राहिल्याने वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला तरी ते फुकट फिरत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचाच दांडा जाड केला, तर यातला दुसरा फायदा उलटा होण्याची शक्यता असते.

कलणं आणि पकड या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वात गमतीदार पुरावा फ्रान्सने दिला आहे. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन २सीव्हीत अँटी-रोल बार नव्हता. वळणावर ती बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल इतकी कलायची, आणि तरीही रस्ता सोडायची नाही. आपल्याला भीती वाटते ती कलण्याची. टायरला त्या भीतीशी देणंघेणं नसतं.

मग कारखान्यातच मागे जाड दांडा का लावत नाहीत? काटकसर हे एक कारण आहे, पण खरं कारण चालवणाऱ्या माणसाचं आहे. अचानक वळण अरुंद निघालं, समोर काही आडवं आलं, की सामान्य माणूस दोन गोष्टी करतो: ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो आणि स्टिअरिंग आणखी वळवतो. नाक बाहेर जाणाऱ्या गाडीत हे दोन्ही बरोबर ठरतं. पाय उचलला की भार पुढे येतो, पुढचे टायर पकड धरतात, वेग उतरतो. मागून निसटणाऱ्या गाडीत हेच दोन्ही घातक ठरतं. पाय उचलताच मागची चाकं हलकी होतात, शेपूट बाहेर फेकलं जातं, आणि स्टिअरिंग उलट दिशेला द्यायला हवं हे फार थोड्यांच्या हातांना आपोआप कळतं. म्हणून जगातले बहुतेक कारखाने रोजच्या वापराच्या गाडीला मुद्दाम थोडी नाकाने बाहेर जाणारी ठेवतात. मागचा दांडा बदलणारा माणूस ही राखीव ठेव खर्च करत असतो.

ही वाटणी चुकली तर काय होतं, याची प्रसिद्ध कथा अमेरिकेत घडली, आणि तिथे प्रश्न पुढच्या दांड्याचा होता. शेवरोलेची कॉर्वेअर १९६० च्या मॉडेल वर्षात आली. इंजिन मागे, वजनाचा मोठा वाटा मागे, आणि मागचं सस्पेन्शन स्विंग ॲक्सल पद्धतीचं. या पद्धतीत जोरदार वळणावर बाहेरचं मागचं चाक गाडीच्या पोटाखाली दुमडायला बघतं. अशा गाडीत मागच्या चाकांचा भार हलका करायला पुढे दांडा हवा होता. खर्च वाचवण्यासाठी तो मूळ रचनेतून वगळला गेला. त्याऐवजी टायरमधल्या हवेवर भरवसा ठेवला: थंड टायरला पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. पुढचे टायर मऊ ठेवून त्यांना आधी थकवायचं, असा तो बेत होता. कागदावर तो ठीक होता, पण पेट्रोल पंपावर चारही टायरांत सारखीच हवा भरणाऱ्या माणसाला तो कोण सांगणार? १९६४ च्या मॉडेलमध्ये पुढचा दांडा सगळ्या कॉर्वेअरमध्ये आला, १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. त्याच वर्षाअखेर राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणाने कॉर्वेअरची अब्रू घालवली. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या चाचणी अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असं म्हटलं, पण तोवर तिचं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती. दांड्यापुरतं बोलायचं तर शेपूट जड असलेल्या गाडीला तो पुढे हवा होता, नाक जड असलेल्या गाडीला मागे हवा असतो.

जाडीचा प्रश्न होंडाच्या गाड्यांनी उत्तम शिकवला. पिळाचा प्रतिकार दांड्याच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १९ मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा भरीव दांडा घेतला, तर डोळ्यांना फरक नखभर दिसतो, ताठरपणा मात्र जवळपास ८० टक्के वाढतो. याच गणितामुळे पोकळ दांडे बनवतात: बाहेरून २२ आणि आतून १६ मिलिमीटर पोकळ असा दांडा भरीव दांड्याच्या निम्म्याहून कमी वजनात त्याचा ७२ टक्के ताठरपणा देतो. मधलं पोलाद पिळाच्या कामात फारसं कामाला येतच नाही.

अमेरिकेत १९९७ साली आलेल्या इंटेग्रा टाइप आर या गाडीत होंडाने मागे २२ मिलिमीटरचा दांडा दिला होता. पुढची चाकं ओढणारी गाडी इतकी छान वळू शकते, हे तिने अनेकांना पटवलं. त्या काळातल्या सिव्हिकचं मागचं सस्पेन्शन इंटेग्राशी इतकं मिळतंजुळतं होतं की टाइप आरचा दांडा तिच्यात थोड्या खटपटीने बसायचा. १९९९ च्या सिव्हिक एसआयमध्ये मागे अवघा १३ मिलिमीटरचा दांडा होता. साध्या हॅचबॅकमध्ये तर मागे दांडाच नसायचा. १३ वरून २२ वर जाणं म्हणजे व्यासाच्या हिशेबाने ताठरपणा आठपट करणं. गाड्या झकास वळू लागल्या. आणि मग काहींच्या मागच्या सबफ्रेमचा पत्रा, दांड्याचे ब्रॅकेट जिथे बोल्टने धरलेले असतात तिथेच, फाटू लागला. दांडा तुटला नाही, बोल्ट तुटले नाहीत. आठपट जोर झेलायला बनवलाच नव्हता तो पत्रा. मग बाजारात त्या जागेला मजबुती देणाऱ्या जाड पट्ट्या आल्या, आणि जाणकार मंडळी दांडा आणि पट्टी एकत्रच बसवू लागली. दांड्याच्या खोक्यावर छापलेला टक्केवारीचा आकडा वाचताना मला नेहमी तो पत्रा आठवतो.

अमेरिकेत हा छंद वाढला तो ऑटोक्रॉसमुळे. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून घड्याळाविरुद्ध एकेकट्याने गाडी हाकायची, असा हा खेळ. तिथल्या एससीसीए या संस्थेच्या नियमांत जवळपास मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या गटाला पुढचा किंवा मागचा, कोणता तरी एकच दांडा बदलायची मुभा असते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचे स्पर्धक बहुधा मागचा निवडतात. त्यांचे फोटो पाहावेत: वळणात मागचं आतलं चाक जमिनीपासून वीतभर वर. ते चाक सुटलं याचा अर्थ मागच्या जोडीकडचा सगळा भार एकाच टायरवर गेला. त्यानंतर मागचा दांडा आणखी जाड केला तरी काही उपयोग नाही, कारण सरकवायला मागे भारच उरलेला नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक लहान हॅचबॅकमध्ये हा दांडा शोधायला गाडीखाली वाकलं, तर तो सापडणारच नाही. मागे टॉर्शन बीम असतो: दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळाला जागा देणारी एक आडवी तुळई. फोक्सवॅगनने १९७४ च्या सिरोको आणि गोल्फपासून ही रचना लोकप्रिय केली. तुळई स्वतःच पिळली जात असल्याने ती अँटी-रोल बारचं काम आधीच करत असते. अशा गाडीसाठी मिळणारा जादा दांडा तुळईच्या पोटात किंवा तिला समांतर, दोन्ही टोकांना बोल्टने आवळून बसतो. त्याला लिंक रॉड नसतात, बुशही नसतात. काम सोपं होतं, पण नेमका तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला दांडा नसेल तर तुळईला भोकं पाडण्याचा किंवा वेल्डिंगचा सल्ला ऐकू नये. ती तुळई दोन्ही मागच्या चाकांचा आधार असते. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे, आणि विमा कंपनीही असा बदल विचारते. बसवण्याआधी दोन्हीकडे विचारून घेतलेलं बरं.

आता बसवण्याचं काम. लिंक रॉडवाला दांडा असेल तर गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना ओट लावून, मागचा भाग उचलून दोन्ही बाजूंना जॅक स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. दोन्ही मागची चाकं एकाच उंचीवर असली पाहिजेत. एकच चाक उचललं, तर जुना दांडा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि नट सुटताक्षणी झटका मारतो.

सर्वात जास्त वेळ जातो तो गंजलेल्या नटांवर. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बॉल जॉइंटही त्याच्याबरोबर फिरू लागतो. म्हणून आटे असलेल्या टोकाला ॲलन की लावून ते धरायचं आणि पान्याने नट सोडवायचा. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं असेल तर शिव्या कमी द्याव्या लागतात. ब्रॅकेट सुटले की दांडा एका बाजूने सरकवत बाहेर काढायचा. सायलेन्सर आडवा येतो, तेव्हा त्याचे एकदोन रबरी हँगर सोडून तो थोडा खाली घ्यावा लागतो. दांडा कसा वळवून बाहेर आला हे तेव्हाच लक्षात ठेवावं, कारण नवा तसाच उलट क्रमाने आत जाणार आहे.

नव्या दांड्याबरोबर बहुधा पॉलियुरेथेनचे बुश येतात. ते रबरापेक्षा कडक असतात आणि कोरडे बसवले की महिन्याभरात कुरकुरू लागतात. सोबत दिलेलं ग्रीस आतल्या बाजूला सढळ हाताने लावावं. दांडा आडवा सरकू नये म्हणून बुशच्या शेजारी लावायच्या कड्या दिल्या असतील तर त्या विसरू नयेत. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून सैल धरावेत. मग हँडब्रेकच्या केबल, ब्रेकचे होस, एबीएसच्या वायर आणि सायलेन्सर यांपासून दांडा सगळीकडे मोकळा आहे ना, ते चाक खाली लोंबलेलं असताना आणि जॅकने वर दाबलेलं असताना, अशा दोन्ही स्थितींत पाहावं. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, टॉर्क रेंचने करावी. गाडीखाली शिरायला जागा नसेल तर चाकं रॅम्पवर चढवून.

टोकाला दोन किंवा तीन भोकं असतील तर सर्वात बाहेरचं भोक सर्वात मऊ. लिंक रॉड आतल्या भोकात गेला की दांड्याचा हात आखूड होतो, आणि ताठरपणा हाताच्या लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. २०० मिलिमीटरचा हात १८० चा केला तर सुमारे २३ टक्के फरक पडतो. सुरुवात मऊ भोकातूनच करावी. पोलाद विकत घेतलंय तर त्याचा पुरेपूर वापर करू, हा मोह इथे महागात पडतो.

पहिली चाचणी घाटात करू नये. मोठं मोकळं, रिकामं मैदान शोधावं आणि परवानगी घेऊन ठरावीक त्रिज्येच्या गोलात हळूहळू वेग वाढवत जावं. नाक आधी सरकतं की शेपूट, ते पाहावं. मग तोच गोल फिरताना ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलावा. गाडी किंचित आत वळून स्थिर झाली तर ठीक. मागचा भाग सुटून बाहेर निघू लागला, तर दांडा त्या गाडीच्या टायरांसाठी जास्त आहे. हीच चाचणी ओल्या जमिनीवरही करावी, आणि निर्णय ओल्या जमिनीवरचा घ्यावा. कोरड्यात वळण कमी कलून पार पडल्याचा आनंद जूनच्या पहिल्या पावसात, तेल मिसळलेल्या रस्त्यावर टिकतोच असं नाही. टायर झिजले असतील किंवा मागचे पुढच्यांपेक्षा जुने असतील, तर त्यांचं आधी बघावं.

खड्ड्यांच्या रस्त्यावर फरक लगेच कळतो. एकच चाक खड्ड्यात गेलं तरी दांडा त्याचा धक्का दुसऱ्या चाकाला कळवतो, त्यामुळे गाडी डावी-उजवी डुलते आणि मागे बसलेल्यांची डोकी हलतात. काही दिवस गाडी चालवून झाली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत, विशेषतः ब्रॅकेटचे, आणि त्या जागेच्या पत्र्यावर तडा गेला नाही ना, तेही.

आणि गाडी घरात एकापेक्षा जास्त माणसं चालवत असतील, तर हा दांडा त्यांच्याही गाडीत बसला आहे. तुम्ही मैदानात पाय उचलून काय होतं ते पाहिलंय, त्यांनी पाहिलेलं नसतं. अशा घरात लिंक रॉड बाहेरच्या भोकातच राहू द्यावा आणि कारखान्याचा जुना दांडा बुश-नटांसकट जपून ठेवावा. गाडी विकायची वेळ आली की तोच परत बसवावा, किंवा घेणाऱ्याला बदल स्पष्ट सांगून तो सोबत द्यावा.